गमावलेल्या मुलांचा हिशेब : बार्बियानाच्या पत्राचे एक वाचन

एखाद्या शाळेचे नैतिक चारित्र्य कशावरून ओळखावे, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण काही ठरावीक गोष्टींकडे बोट दाखवतो. सकाळची प्रार्थना शिस्तीत होते काय, मूल्यशिक्षणाचा तास वेळापत्रकात आहे काय, मुख्याध्यापक पैशाच्या व्यवहारात चोख आहेत काय, मुले मोठ्यांना मान देतात काय. या गोष्टी महत्त्वाच्या आहेत. त्यांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु हे सारे निकष शाळेच्या आत असलेल्यांना लावलेले निकष आहेत. शाळेचे चारित्र्य तिच्या आत बसलेल्या मुलांवरून नव्हे, तर तिच्या बाहेर पडलेल्या, पडावे लागलेल्या मुलांवरून ओळखावे, असे ठामपणे सांगणारे एक पुस्तक अर्धशतकापूर्वी इटलीच्या एका डोंगरावर लिहिले गेले. ते एका धर्मग्रामात, धर्मगुरूंच्या घरात आणि मुलांच्या हातून लिहिले गेले, म्हणून आपल्या वाचकांनी त्याच्याशी ओळख करून घ्यावी असे आम्हांस वाटते.

हे पुस्तक म्हणजे १९६७ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेले ‘एका शिक्षिकेस पत्र’. लेखक म्हणून त्यावर कोणा एका व्यक्तीचे नाव नाही. ‘बार्बियानाची शाळा’ एवढेच आहे. १९७० साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, पुढे अनेक भाषांत ते गेले आणि मराठीतही ‘प्रिय बाई’ या नावाने ते उपलब्ध झाले. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले त्या आईबापांच्या हाती मात्र ते क्वचितच पडते. पत्राच्या लेखकांनीही हीच खंत व्यक्त केली असती, कारण हे पत्र शिक्षिकेला उद्देशून असले तरी ते खऱ्या अर्थाने पालकांना दिलेले आवाहन आहे.

पुस्तकाकडे वळण्यापूर्वी त्या शाळेची आणि तिच्या गुरूची थोडी ओळख आवश्यक आहे. लोरेन्झो मिलानी यांचा जन्म १९२३ साली फ्लॉरेन्समधील एका सुखवस्तू, विद्याव्यासंगी कुटुंबात झाला. घरात धर्माचरणाचे वातावरण नव्हते; आई ज्यू वंशाची होती. तरुणपणी चित्रकलेचा नाद घेतलेला हा मुलगा १९४३ मध्ये श्रद्धेकडे वळला, सेमिनरीत दाखल झाला आणि १९४७ मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली. सान दोनातो दी कालेन्झानो या कामगारवस्तीच्या धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू म्हणून काम करताना त्यांनी कामगार तरुणांसाठी रात्रशाळा चालवली. तिथे कॅथलिक आणि कम्युनिस्ट एकाच बाकावर बसत. कम्युनिस्ट तरुणाला परके वाटू नये म्हणून या धर्मगुरूंनी वर्गाच्या भिंतीवरचा क्रूस काढून ठेवला. या एका कृतीने त्यांच्यावर किती टीका झाली असेल, याची कल्पना आमच्या वाचकांना सहज येईल. क्रूसावर मरणाऱ्याने ज्यांना जवळ केले, त्यांना दाराबाहेर ठेवण्यासाठी त्याच क्रूसाचा उपयोग होऊ नये, ही त्यामागची भावना होती.

१९५४ च्या डिसेंबरात त्यांची बदली बार्बियाना येथे झाली. फ्लॉरेन्सच्या उत्तरेस मुजेल्लो नावाच्या डोंगराळ भागात एक चर्च, एक स्मशानभूमी आणि दूरदूर विखुरलेली काही शेतकऱ्यांची घरे एवढाच हा धर्मग्राम होता. रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. बदली कसली, ती हद्दपारीच होती, असे त्यांच्या मित्रांना वाटले. परंतु हा तरुण धर्मगुरू तिथे पोहोचला आणि लगेच खाली विक्क्यो येथे जाऊन त्याने बार्बियानाच्या स्मशानभूमीत स्वतःसाठी कबरीची जागा विकत घेतली. आम्ही येथे तात्पुरते आलेलो नाही, येथेच जगू आणि येथेच मरू, असे सांगण्याचा याहून स्पष्ट मार्ग नसेल. नेतृत्वाच्या नीतीविषयी आजकाल पुष्कळ व्याख्याने होतात. त्या सर्वांचे सार या एका कृतीत आहे, असे आम्हांस वाटते. बढतीची वाट पाहणारा माणूस मुलांचा नेता होऊ शकत नाही.

डोंगरावरच्या त्या घरात त्यांनी शाळा सुरू केली. सुरुवातीला मूठभर मुले होती. सरकारी शाळेने नापास करून घरी पाठवलेली, गुरे राखणारी, शेतात राबणारी मुले. शाळा सकाळी सुरू होई आणि संध्याकाळपर्यंत चाले. वर्षाचे सर्व दिवस चाले. सुट्टी नव्हती, मधली सुट्टीही नव्हती. वह्यापुस्तके बेताचीच, आणि मोठा मुलगा लहान मुलाचा शिक्षक. जो मागे राहिला असेल, ज्याला काहीच येत नसेल, तोच वर्गातला सर्वांत लाडका. त्याला समजल्याशिवाय धडा पुढे सरकत नसे. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई. पाण्याची भीती जावी म्हणून मुलांनी गुरूंसह लहानसा पोहण्याचा हौद बांधला. परदेशी भाषा शिकून ही शेतकऱ्यांची मुले काम करण्यासाठी इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स असे प्रवास करून येत. भिंतीवर इंग्रजीत दोनच शब्द लिहिले होते : ‘आय केअर’. मला याची पर्वा आहे. ‘मला काय त्याचे’ ही फॅसिस्टांची घोषणा होती. त्या घोषणेला दिलेले हे उत्तर होते.

आता पत्राकडे येऊ. १९६२ च्या अखेरीस इटलीत एक चांगला कायदा झाला. सर्व मुलांसाठी एकच माध्यमिक शाळा, आणि चौदा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण. कागदावर गरीब आणि श्रीमंत एका बाकावर आले. प्रत्यक्षात काय झाले? गरीब मुले परीक्षेत नापास होत राहिली, दोनदा नापास झाली की वय वाढे, वय वाढले की बाप शेतावर घेऊन जाई. बार्बियानाची दोन मुले शिक्षक होण्याच्या इच्छेने फ्लॉरेन्सच्या अध्यापक विद्यालयात गेली. तिथेही त्यांना नापास करण्यात आले. नापास करणाऱ्या शिक्षिकेला त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मिळून हे पत्र लिहिले. आठ मुलांनी, वर्षभर खपून.

पत्राचा गाभा दोन मुलांच्या कथेत आहे. एक पिएरिनो, डॉक्टरांचा मुलगा. शाळेत आला तेव्हा त्याला वाचता येत होते. घरात पुस्तके होती, आईबाप शाळेच्याच भाषेत बोलत होते. शाळेने त्याला जे दिले ते त्याच्याकडे आधीच होते. दुसरा जान्नी, गरीब घरचा. ‘जवळ असणे’ या अर्थाच्या इटालियन क्रियापदात जे मूक अक्षर लिहावे लागते ते नेमके कोठे लिहायचे हे त्याला कधी जमले नाही. मोठ्यांच्या जगाविषयी मात्र त्याला पुष्कळ ठाऊक होते : मजुरी, घरातले प्रश्न, गावचे राजकारण. शाळेने त्या मूक अक्षराला गुण दिले. बाकीच्या ज्ञानाची तिच्या तराजूत काहीच किंमत नव्हती. मुले विचारतात : ज्याच्याकडे आहे त्याला देणारी आणि ज्याच्याकडे नाही त्याला घालवून देणारी ही संस्था सार्वजनिक पैशाने का चालावी? जो दवाखाना निरोगी माणसांना दाखल करून आजाऱ्यांना परत पाठवतो, त्याला दवाखाना म्हणावे काय, अशा आशयाचा त्यांचा दृष्टान्त आता जगभर प्रसिद्ध झाला आहे.

हा केवळ संताप असता तर आम्ही त्यावर इतकी शाई खर्च केली नसती. या मुलांनी संतापाला आकड्यांची जोड दिली. त्यांनी सरकारी सांख्यिकीची पुस्तके धुंडाळली, शाळांतून माहिती गोळा केली, एका वर्गात किती मुले आली आणि दरवर्षी त्यांतली किती गळाली, गळालेल्यांचे बाप कोणता व्यवसाय करत होते, हे तक्त्यांत मांडले. या आकडेवारीच्या कामाबद्दल इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेने पुस्तकाला पारितोषिक दिले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गणितात नापास ठरवलेल्या मुलांनी आपल्याच नापास होण्याचे गणित मांडून दाखवले.

त्यावर उपायही त्यांनी तीनच सुचवले. सक्तीच्या शिक्षणाच्या काळात कोणालाही नापास करू नये. जे मंद वाटतात त्यांना दिवसभराची शाळा द्यावी. आणि जे आळशी वाटतात त्यांना शिकण्यासाठी एक ध्येय द्यावे. उपाय साधे आहेत; परंतु तिसऱ्यापाशी थोडे थांबावे लागते. आळशी मुलाला शिक्षा करावी असे ते म्हणत नाहीत. त्याला जगण्याचा हेतू सापडलेला नाही, तो शाळेने शोधून द्यावा, असे म्हणतात. स्वतःच्या पोटापुरते शिकणे हा हेतू नव्हे. इतरांसाठी शिकणे हा हेतू. आमच्या दृष्टीने शाळेतील नीतिशिक्षणाचे मर्म येथे आहे. नीतीचा तास वेगळा ठेवून ते साधत नाही. गणित कोणासाठी शिकायचे, भाषा कोणासाठी शिकायची, या प्रश्नाच्या उत्तरात ते असते.

वाङ्मयीन दृष्टीने या पुस्तकाचे मोठेपण कशात आहे, याचाही विचार करणे भाग आहे, कारण अनेकांनी ते केवळ एक जाहीरनामा म्हणून वाचले आहे. लेखनाची पद्धत मुलांनी पत्रातच सांगितली आहे. प्रत्येकाने सुचेल ती कल्पना एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची. मग सर्व चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर मांडून एकसारख्या वेगळ्या काढायच्या. त्यांचे गठ्ठे करायचे, गठ्ठ्यांची प्रकरणे. प्रकरणांचा क्रम लावायचा. मग सारे मिळून वाचायचे आणि छाटायचे : अनावश्यक शब्द, अवघड शब्द, लांबलेली वाक्ये, एकाच वाक्यात आलेल्या दोन कल्पना. शेवटी बाहेरच्या माणसांना, विशेषतः कमी शिकलेल्यांना, वाचून दाखवायचे आणि ते जेथे अडखळतील तेथे पुन्हा दुरुस्त करायचे. या कष्टातून जी भाषा निघाली ती अत्यंत साधी आहे. छोटी वाक्ये, ओळखीचे शब्द, आणि कोठेही पांडित्याचा वास नाही. आमच्या मते ही शैलीच या पुस्तकाचा पहिला नैतिक युक्तिवाद आहे. आठ जणांनी लिहिले आणि आठांतला कोणीही पुढे आला नाही. शहाण्याला प्रभावित करण्यासाठी एकही शब्द ठेवला नाही. अडाण्याला समजेना तो शब्द काढून टाकला. लेखन हेही सेवेचे कार्य असू शकते, हे येथे दिसते.

काही टीकाकार विचारतात की हे पत्र खरोखर मुलांचे, की मुलांच्या तोंडून बोलणाऱ्या गुरूचे? त्यात डॉन मिलानींचा आवाज ओळखू येतो हे खरे आहे. परंतु शिष्याच्या बोलण्यात गुरूचा सूर आला म्हणून ते बोलणे खोटे ठरत नाही. ज्यांना बोलण्याचा धीरच नव्हता त्यांना गुरूने भाषा दिली. आता त्या भाषेवर गुरूची छाप आहे म्हणून तक्रार करणे योग्य नव्हे.

दोष मात्र आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर हे परीक्षण अप्रामाणिक ठरेल. पहिला दोष असा, की ज्या शिक्षिकेला हे पत्र लिहिले आहे तिला त्यात बोलण्याची संधी नाही. ती अभ्यासक्रमाची, निरीक्षकांची, गुणपद्धतीची बांधलेली आहे. कदाचित तिच्याही वाट्याला गर्दीचा वर्ग आणि बेताचा पगार आला असेल. अन्यायाची साखळी लांब असते. पत्राचा राग तिच्या शेवटच्या, सर्वांत दुर्बळ कडीवर कोसळतो. दुसरा दोष असा, की शिक्षकाने आपले सारे जीवन शाळेला वाहावे, त्यासाठी प्रसंगी अविवाहित राहावे, इथवर पत्राची मागणी जाते. धर्मगुरूला जे व्रत शोभते ते संसारी शिक्षकावर लादता येत नाही. ज्या शिक्षिकेला घरी तान्हे मूल आहे तिला बारा तासांची शाळा मागणे हाही एक अन्यायच होय. तिसरा दोष खेळाविषयीचा. बार्बियानात खेळाला वेळ नव्हता; तो वेळेचा अपव्यय मानला जाई. येथे संत जॉन बॉस्को यांची आठवण होते. त्यांनी १८७७ मध्ये आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धती लिहून काढली आणि १८८४ मध्ये रोमहून आपल्या संस्थेला पत्र पाठवले. त्यात त्यांनी मैदानावरच्या शिक्षकाला मोठे महत्त्व दिले. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते आहे हे मुलांना कळले पाहिजे, आणि ते खेळताना जितके कळते तितके फळ्यापाशी कळत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. या बाबतीत बार्बियानाहून तुरिनची शाळा आम्हांस अधिक शहाणी वाटते.

तरीही हे दोष पुस्तकाच्या मूळ आरोपाला उत्तर देत नाहीत. आरोप शिल्लक राहतो, आणि तो केवळ इटलीचा नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला तर तो ओळखीचा वाटावा. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यातही हाच हिशेब आहे : सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, म्हणून बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. पंचाऐंशी वर्षांनी बार्बियानाच्या मुलांनी, फुल्यांचे नावही न ऐकता, तोच जमाखर्च मांडला. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील, आणि वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा देणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० या काळात शिकवणारे, वसतिगृहातील मुलांच्या खोल्या आवरणारे, त्यांचे कपडे धुणारे आणि त्यांच्यासाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढणारे साने गुरुजी : ही माणसे बार्बियानाच्या शाळेत परकी वाटली नसती. शाळेचे नेतृत्व म्हणजे खुर्ची नव्हे, तर जो मागे पडला त्याच्यापर्यंत मागे चालत जाणे, हे या सर्वांना समजले होते.

आता आपल्याकडे पाहू. धर्मग्रामाच्या शाळा ही आपल्या समाजाची मोठी पुंजी आहे. आपल्या पूर्वजांनी घामाने उभारलेल्या या शाळांतून शेतकऱ्याची आणि मच्छीमाराची मुले डॉक्टर, प्राध्यापक, धर्मगुरू, धर्मभगिनी झाली. त्या ऋणाचे स्मरण ठेवूनच पुढचे शब्द लिहीत आहोत. जून महिन्यात रस्त्यारस्त्यांवर फलक लागतात : दहावीचा निकाल शंभर टक्के. तो फलक पाहून आनंद न होणारा पालक विरळा. परंतु हे शंभर टक्के कोणाचे? अशा शाळा आम्ही पाहिल्या आहेत, की ज्या आपल्या निकालाची शान राखण्यासाठी नववीतल्या कच्च्या मुलाच्या आईबापांना बोलावून सौम्य आवाजात दाखला काढून घेण्याचा सल्ला देतात. किंवा मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवा असे सुचवतात. मुलगा बाहेरून बसला, की त्याचे नापास होणे शाळेच्या निकालात धरले जात नाही. कायदा मोडलेला नसतो. कोणी खोटे बोललेले नसते. मुख्याध्यापक निर्व्यसनी असतात, प्रार्थना वेळेवर झालेली असते, आणि एक जान्नी फाटकाबाहेर उभा असतो.

भाषेच्या बाबतीतही हाच प्रकार घडतो. वसईच्या आपल्या घरांतून सामवेदी, वाडवळी या बोली बोलल्या जातात. त्या बोलीत वाढलेले मूल शाळेत पुस्तकी मराठी बोलताना, आणि आता इंग्रजी बोलताना, अडखळते. त्या अडखळण्याला अज्ञान समजून हसणारा शिक्षक बार्बियानाचे पत्र वाचल्यावर हसणार नाही, अशी आमची खात्री आहे. मुलाला प्रमाण भाषा दिलीच पाहिजे. ती मिळाल्याशिवाय तो कचेरीत, न्यायालयात, सभेत मान ताठ ठेवून उभा राहू शकणार नाही, आणि याबाबत बार्बियानाची मुले सर्वांत आग्रही होती. परंतु ती द्यायची असते. नसल्याबद्दल दंड वसूल करायचा नसतो.

कायद्याची गोष्ट निघाली म्हणून एक मुद्दा स्पष्टपणे मांडतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही नापास करू नये व शाळेतून काढू नये असे ठरवले. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. त्याच कायद्यात खाजगी शाळांनी दुर्बल घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवाव्यात अशी तरतूद आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही असा निर्णय दिला. राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने दिलेले आपले अधिकार जपणे आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु अधिकार कशासाठी? आपल्या शाळा आपल्या पद्धतीने चालवण्याचे स्वातंत्र्य आपण मागतो, ते गरीब मुलापासून मोकळे होण्यासाठी नव्हे. कायदा जिथे आपल्याला मोकळे सोडतो, तिथे आपली परीक्षा अधिक कठीण होते, कारण तिथे केवळ सदसद्विवेकच उरतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात कॅथलिक शाळांनी ऐहिक संपत्तीला, कुटुंबाच्या आधाराला किंवा श्रद्धेच्या दानाला जे पारखे आहेत त्यांची विशेष काळजी वाहावी, असे आवर्जून सांगितले आहे. कोणत्याही न्यायालयाने या जबाबदारीतून आपल्याला मुक्त केलेले नाही.

डॉन मिलानींच्या जीवनात आज्ञापालनाचा प्रश्न सतत उभा राहिला. त्यांचे ‘धर्मसेवेतील अनुभव’ हे पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी रोमच्या आदेशावरून विक्रीतून मागे घेण्यात आले. त्यांनी तो आदेश मानला आणि बार्बियाना सोडले नाही. दुसऱ्या बाजूला १९६५ मध्ये, विवेकाला साक्ष ठेवून लष्करी सेवा नाकारणाऱ्या तरुणांची बाजू घेतल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला; १९६६ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. वरच्या न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वी, २६ जून १९६७ रोजी, पत्र प्रसिद्ध झाल्यानंतर महिनाभरातच, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे चव्वेचाळीस. त्यांना त्यांनी विकत घेतलेल्या त्याच जागेत पुरण्यात आले. २०१४ मध्ये त्यांच्या पुस्तकावरील बंदी आता लागू नाही असे रोमने कळवले, आणि २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला जाऊन त्या कबरीपाशी प्रार्थना केली. ज्याला हयातीत डोंगरावर एकटे ठेवले, त्याच्यापाशी पन्नास वर्षांनी पीटरचा वारस चालत आला. ख्रिस्तसभा कधी कधी उशिरा पोहोचते, परंतु पोहोचते, हा दिलासा आहे. प्रश्न एवढाच, की तोपर्यंत किती जान्नी वाट पाहून निघून जातात.

लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात सोडून एकाच्या शोधात जातो. आजच्या हिशेबाने पाहिले तर त्याचा निकाल नव्याण्णव टक्के लागला होता. कोणत्याही व्यवस्थापनाने त्याचा सत्कार केला असता. तो मात्र त्या एका टक्क्यासाठी उठला. आपल्या शाळांच्या नेतृत्वासमोर यापेक्षा वेगळा आदर्श ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून हे पुस्तक वाचून झाल्यावर आमच्या धर्मग्रामांतील व्यवस्थापकांना, मुख्याध्यापकांना आणि विशेषतः पालक संघांना एक लहानशी सूचना कराविशी वाटते. तिच्यासाठी निधी लागत नाही, सरकारची परवानगी लागत नाही. दरवर्षी दहावीच्या निकालाचा फलक लावताना त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहावी : दहा वर्षांपूर्वी या शाळेच्या पहिलीत किती मुले बसली होती, आणि त्यांतील किती आज दहावीपर्यंत पोहोचली. जी पोहोचली नाहीत त्यांची नावे फलकावर नकोत. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात असावीत, आणि वर्षातून एकदा कोणीतरी त्या घरांची दारे ठोठवावीत. काही कुटुंबे दुसऱ्या गावी गेली असतील, काहींनी शाळा बदलली असेल. तो हिशेबही कळेल. परंतु ज्या घरी शाळेच्या सौम्य सल्ल्यामुळे एक मुलगा वेळेआधीच कामाला लागला असेल, त्या घरी कोणी धर्मगुरू, कोणी शिक्षिका, कोणी पालक पहिल्यांदाच जाईल. त्या उंबरठ्यावर जे संभाषण होईल, त्यातून शाळेचे चारित्र्य घडू लागेल. मूल्यशिक्षणाचा तास त्यानंतर घेतला तर मुलांना तो खरा वाटेल.